आकाश मोकळं, पुस्तक इंग्रजी!

"काय गं, लायसन्स मिळालं का?" उन्हाळ्याच्या सुट्टीत ड्रोन पायलटचा कोर्स करून आले तेव्हापासून मेसच्या रांगेत, लॅबमध्ये, अगदी ओरलच्या वेळीसुद्धा मला हा प्रश्न विचारला गेलाय. म्हणून मित्रमैत्रिणींनो, आधी तेवढं सांगून टाकते. लायसन्स नावाचा प्रकार आता राहिलेलाच नाही! ऑगस्ट २०२१ मध्ये आपल्याकडे नवे ड्रोन नियम आले आणि ११ फेब्रुवारी २०२२ च्या दुरुस्तीने त्यातला 'लायसन्स' हा शब्द काढून टाकला. त्याजागी आलं 'रिमोट पायलट सर्टिफिकेट'. डीजीसीएची मान्यता असलेली संस्था शिकवते, परीक्षा घेते, आणि पास झालात की सर्टिफिकेट मिळतं. ते १० वर्षं चालतं.

हे सर्टिफिकेट सगळ्यांनाच लागतं असंही नाही. २५० ग्रॅमपर्यंतच्या छोट्या ड्रोनला ते लागत नाही. निव्वळ हौस म्हणून २ किलोपर्यंतचा ड्रोन उडवायलाही लागत नाही. पण २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन घेऊन लग्नाचं शूटिंग केलं, जमीन मोजली, शेतात फवारणी केली आणि त्याचे पैसे घेतले, की सर्टिफिकेट हवंच.

त्यासाठी पात्रता काय? वय १८ ते ६५ आणि शिक्षण दहावी पास. बस्स! आपला सीजीपीए, आपल्या केट्या, कोणी काही विचारत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये पासपोर्टची अटसुद्धा निघाली. मतदार ओळखपत्र, रेशन कार्ड किंवा गाडीचा परवाना चालतो. नियमातली सरकारी फी १०० रुपये आहे. (संस्थेच्या कोर्सची फी मात्र हजारोंच्या घरात जाते, तो भाग वेगळा. माझ्या बाबांना विचारा!)

म्हणजे सरकारने दार चांगलं सताड उघडं ठेवलंय. तरीही एक मोठा वर्ग उंबरठ्यावर अडखळतो. तो का, हेच मला या लेखात मांडायचं आहे.

आमचा कोर्स आठवडाभराचा होता. आधी वर्गातले तास, मग कॉम्प्युटरवर सिम्युलेटर, आणि शेवटी मैदानात खरं उड्डाण. अभ्यासक्रम बघून मी तर चाटच पडले. मला वाटलं होतं, दोन काड्या हलवायला शिकवतील. पण त्यात हवाई नियम होते, कुठे उडवायचं आणि कुठे नाही ते हिरवे-पिवळे-लाल झोन होते, हवामान होतं, बॅटरी आणि देखभाल होती, आणीबाणीत काय करायचं ते होतं, विमानवाल्यांची 'अल्फा, ब्राव्हो, चार्ली' ही रेडिओची भाषासुद्धा होती. चार मोटर्सपैकी दोन उजवीकडे आणि दोन डावीकडे का फिरतात, हे मेकॅनिक्सच्या पुस्तकात कधी इतकं नीट कळलं नव्हतं. सगळ्या एकाच दिशेने फिरल्या तर ड्रोनचं धडच उलट दिशेने गरगरत राहील, हे समोर पाहिलं की विसरायला होत नाही.

आमच्या बॅचमध्ये दोन फोटोग्राफर होते, एक सर्व्हेवाला होता, मी होते, आणि सांगली जिल्ह्यातून आलेल्या एक ताई होत्या. त्यांच्या बचत गटाने पैसे जमवून त्यांना पाठवलं होतं. कारण साधं. ऊस डोक्याच्या वर गेला की पाठीवरचा पंप घेऊन आत शिरता येत नाही. ड्रोन मात्र वरून दहा लिटरची टाकी घेऊन जातो आणि साधारण दहा मिनिटांत एकराची फवारणी करून परत येतो. असा ड्रोन भरलेल्या टाकीसकट २५ किलोच्या आत बसवतात, म्हणजे तो 'स्मॉल' गटात मोडतो. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केलेली 'नमो ड्रोन दीदी' योजना याच कामासाठी आहे. १५,००० महिला बचत गटांना ड्रोन, आणि किमतीच्या ८० टक्के, म्हणजे जास्तीत जास्त ८ लाख रुपयांपर्यंत मदत. ताईंचा गट त्या योजनेत नव्हता, पण त्यांनी योजनेची वाटही पाहिली नव्हती.

मैदानात ताई आमच्या सगळ्यांच्या पुढे होत्या. हात स्थिर, नजर पक्की. वारा कुठून येतोय हे मी मोबाईलवर बघायचे, त्या उसाच्या पात्याकडे बघून सांगायच्या. वाऱ्याने औषध शेजारच्या रानात जातं, त्याला पुस्तकात मोठं इंग्रजी नाव आहे. त्यावरून बांधावर भांडणं कशी होतात, ते त्यांना आमच्या सरांपेक्षा जास्त माहीत होतं! पण नोट्स इंग्रजीत, प्रश्नपत्रिका इंग्रजीत. सर समजावून सांगायचे ते हिंदीत, तेही इंग्रजी शब्दांना नुसतं 'होता है' जोडून. लेखी परीक्षेत ताई पहिल्या वेळी अडकल्या आणि त्यांना पुन्हा बसावं लागलं.

त्याच्या आदल्या रात्री त्या माझ्या खोलीत आल्या. "अगं, तू इंग्रजी शाळेतली ना, मला हे मराठीत सांग बघू." आता आली का पंचाईत! मी पडले कॉन्व्हेंटची. मराठी घरी बोलायची आणि शाळेत एक विषय म्हणून पास व्हायची. इंग्रजीतला धडा मला पाठ होता, पण तोच मराठीत सांगायला बसले तेव्हा कळलं, की यातलं अर्धं मलाच नीट समजलेलं नाहीये. नुसते शब्द ओळखीचे होते.

एकच उदाहरण देते. रिमोटचा सिग्नल तुटला की ड्रोन आपणहून 'रिटर्न टू होम' करतो. म्हणजे आधी ठरवून दिलेल्या उंचीपर्यंत चढतो आणि जिथून उडाला तिथे सरळ रेषेत परत येतो. ती उंची किती ठेवायची हा परीक्षेतला लाडका प्रश्न. इंग्रजी उत्तर पाठ केलं की मार्क मिळतो. पण ताईंना मी सांगितलं, "तुमच्या शिवारातलं सगळ्यात उंच नारळाचं झाड आणि वरून जाणारी विजेची तार, या दोन्हींच्या वर." त्यावर त्या लगेच म्हणाल्या, "म्हणजे प्रत्येक रानात वेगळी ठेवायची. विहिरीकडच्या तुकड्यात तार आहे, माळाकडे नाही." बघा! हे नोट्समध्ये नव्हतं. भाषा कळली आणि पुढचा विचार त्यांचा त्यांनीच केला.

आणि कळलं नाही तर? तर २५ किलोचं यंत्र, फिरती पाती आणि औषधाची टाकी घेऊन तारेत अडकणार, आणि खाली बायामाणसं काम करत असणार. बॅटरीचंही तेच. लिथियम पॉलिमरचा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट. वापरायची नसेल तेव्हा ती ३.८ च्या आसपास ठेवायची. फुगलेली बॅटरी परत वापरायची नाही आणि चार्जिंगला लावून झोपायचं तर मुळीच नाही, कारण ती पेट घेऊ शकते. अशी सूचना वापरणाऱ्याला न कळणाऱ्या भाषेत देणं म्हणजे ती न देण्यासारखंच आहे. म्हणून मराठी पुस्तकाची मागणी मी भाषेच्या अभिमानापोटी करत नाहीये. माझ्या लेखी हा सरळ सरळ सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

यावर हॉस्टेलवर दोन आक्षेप घेतले गेले. पहिला असा, की विमानवाहतुकीची भाषा जगभर इंग्रजी आहे, मग हा हट्ट कशाला? मान्य. पण हिरव्या झोनमध्ये, ४०० फुटांच्या खाली, स्वतःच्या नजरेच्या टप्प्यात उसावर फवारणी करणारी बाई कंट्रोल टॉवरशी किती वेळा बोलणार आहे? 'अल्फा, ब्राव्हो' आहे तसंच शिकवा ना. बाकीचं तिला कळेल असं सांगा. गाडीच्या लर्निंग लायसन्सची परीक्षा महाराष्ट्रात मराठीत देता येते. म्हणून आपल्या रस्त्यांवरचे सिग्नल काही बदलले नाहीत.

दुसरा आक्षेप, मराठीत शब्दच नाहीत! हा आक्षेप घेणाऱ्यांना सरकारी परिपत्रकाचं मराठी आठवत असावं. 'मानवरहित वायुयान प्रणाली' असं म्हटलं तर ताईसुद्धा पळून जातील आणि मीसुद्धा. ड्रोन, बॅटरी, मोटर, चार्जर, सिग्नल हे शब्द आता मराठीच आहेत. शब्द राहू देत, वाक्य मराठी करा. आणि कधी कधी मराठी शब्दच सरस ठरतो. इंग्रजीतल्या 'व्हिज्युअल लाइन ऑफ साइट'पेक्षा 'नजरेच्या टप्प्यात' हे किती सोपं आहे! जागेवर गिरकी, पुढे झुकणं, कुशीवर कलणं... ड्रोनच्या तिन्ही हालचाली झाल्या की सांगून.

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. आपण स्टेटस ठेवले, पेढे वाटले. त्याआधी २०२१ पासून इंजिनिअरिंगची डिग्रीसुद्धा मराठीतून करायला वाट मोकळी झाली. छानच झालं. पण भाषा मोठी होते ती रोजच्या कामात लागली की. चार्जिंगची सूचना, प्रॉपेलर बदलायची रीत, उड्डाणाआधीची तपासणी यांत ती दिसली पाहिजे.

तर मग करायचं काय? शिकवणाऱ्या संस्थांनी लेखी परीक्षेत मराठीचा पर्याय द्यावा, ही मागणी आहेच. पण ती पूर्ण होईपर्यंत नुसतं तोंड वाजवत बसायचं का? आपल्याकडे मेकॅनिकल आहे, इलेक्ट्रॉनिक्स आहे, रोबोटिक्स क्लबने बनवलेले (आणि पाडलेले!) ड्रोन आहेत, आणि दरवर्षी खेड्यात जाणारा एनएसएसचा कॅम्प आहे. चाळीस पानांची एक मराठी पुस्तिका आपण सहज करू शकतो. त्यात झोन कसे बघायचे, बॅटरी कशी सांभाळायची, वारा किती असला की उडवायचं नाही, सिग्नल तुटला तर काय करायचं, एवढंच असावं. मजकूर सरांनी तपासावा. आणि छापण्याआधी ती कॅम्पच्या गावातल्या दहावी झालेल्या चार जणींना वाचायला द्यावी. त्यांना जे वाक्य अडेल ते आपण परत लिहायचं. आपल्या जर्नलला सर करतात ना, अगदी तसं, त्यांनी लाल पेन घेऊन खाडाखोड करायची!

यात माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवाल्यांनी तर जरूर यावं. इंग्रजीत पाठ केलेलं आपल्याला खरंच किती कळलंय, याची याहून चांगली ओरल नाही. पहिली दोन प्रकरणं, बॅटरी आणि उड्डाणाआधीची तपासणी, मी कच्ची लिहून ठेवली आहेत. लेडीज हॉस्टेलच्या रीडिंग रूममध्ये ठेवते. हवामानाचं प्रकरण कोण घेतंय?