औषध दोघांनाही

दिवाळी सरली की जव्हार-मोखाड्यातील पाडे ओस पडू लागतात. भातकापणी आटोपून तरुण जोडपी, कधी एकटे पुरुषच, भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. घर सांभाळतात आजी-आजोबा. म्हणूनच हा नाजूक विषय वडीलधाऱ्यांपुढे मांडत आहे.

सुनेच्या अंगावरून दुर्गंधीयुक्त पांढरे जात असेल किंवा मुलाच्या जननेंद्रियावर फोड आला असेल, तर दोघेही सहसा बोलत नाहीत. भगताची मुळी, नाहीतर दुकानातून मागून आणलेल्या दोन गोळ्या, एवढ्यावर भागवले जाते. वास्तविक लैंगिक आजारांवरील उपचार सरकारी रुग्णालयांत मोफत असतात. जव्हारचे पतंगशाह कुटीर रुग्णालय किंवा मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय येथे आधी चौकशी करावी. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात लक्षणांनुसार सात रंगांची औषध-पाकिटे ठरलेली आहेत. करड्यात अ‍ॅझिथ्रोमायसिन व सेफिक्झिम यांची एकच मात्रा असते. ओटीपोटाच्या दुखण्यासाठीच्या पिवळ्यातील गोळ्या मात्र १४ दिवस घ्याव्या लागतात. (रंगांची ही युक्ती मोठी शहाणपणाची, अक्षरओळख नसणाऱ्यालाही आपले पाकीट कळते.) कोणता रंग कोणाला, हे डॉक्टरच ठरवतील.

खरी अडचण पुढेच आहे. औषध एकटी सून घेते, मुलगा भट्टीवर असतो. तो होळीला परतला की संसर्गही परततो. म्हणून ‘नवरा कामाला बाहेर आहे’ हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगावे. केसपेपरची प्रत मुलाकडे पाठवली, तर तो जिथे आहे तेथील सरकारी रुग्णालयात उपचार घेऊ शकेल. एचआयव्ही व गरमीची तपासणीही दोघांनी करून घ्यावी. एचआयव्हीचा अहवाल संमतीवाचून उघड करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. विचारायला संकोच वाटल्यास १०९७ हा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे.

आजींनो, पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झाला तर आपणही तपासून घ्या. वयाचा दोष म्हणून सोडू नका.

नातीचाही विचार व्हावा. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्ध एचपीव्ही लस आहे. रवांडाने २०११ मध्ये ती शाळाशाळांतून देऊन ९० टक्क्यांहून अधिक मुलींपर्यंत पोहोचवली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक २०२३ मध्ये आली. ९ ते १४ वयात तिच्या दोन मात्रा सहा महिन्यांच्या अंतराने असतात. पहिली जूनमध्ये घेतली तर दुसरी डिसेंबरात, आणि तेव्हा नात आईबापांबरोबर भट्टीवर असू शकते. लस कोठे व कशी मिळेल हे आशाताईंना विचारताना नात त्या वेळी कुठे असेल, हेही सांगावे.