अमेरिका-चीन तह आणि कोलकात्याची चिप

बेहाला (कोलकाता) - अमेरिका आणि चीन यांच्यातील व्यापारसंघर्षाचे निर्णय वॉशिंग्टन व बीजिंगमध्ये होत असले, तरी त्यांची झळ कोलकात्यातील बेहालासारख्या उपनगराच्या मोबाइल दुकानांपर्यंत पोहोचू शकते. आकाराने लहान, परंतु बॅटरी वेगाने भरणाऱ्या अनेक नव्या चार्जरमध्ये गॅलियम नायट्राइडची चिप असते. हाच पदार्थ आधुनिक लष्करी रडारमध्येही वापरला जातो. त्यामुळे गॅलियम हा व्यापाराइतकाच सुरक्षेचाही प्रश्न बनला आहे.

निर्बंधाला निर्बंधाने उत्तर

जगातील प्राथमिक गॅलियमच्या उत्पादनात चीनचा वाटा 95 टक्क्यांहून अधिक आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये अमेरिकेने प्रगत चिप आणि त्या घडविणारी यंत्रे चीनला विकण्यावर कडक निर्बंध घातले. चीनने ऑगस्ट 2023 पासून गॅलियम व जर्मेनियमच्या निर्यातीसाठी परवाना सक्तीचा केला. 2 डिसेंबर 2024 रोजी अमेरिकेने निर्बंधांची व्याप्ती वाढविली. दुसऱ्याच दिवशी चीनने या धातूंची अमेरिकेला होणारी निर्यात बंद केली.

30 ऑक्टोबर 2025 रोजी दक्षिण कोरियातील बुसान येथे डोनाल्ड ट्रम्प आणि शी जिनपिंग यांची भेट झाली. त्यानंतर चीनने ही बंदी 27 नोव्हेंबर 2026 पर्यंत स्थगित केली. मात्र स्थगिती म्हणजे माघार नव्हे. परवान्याची अट चीनने सोडली नाही आणि प्रगत चिपवरील आपली पकड अमेरिकेनेही सोडली नाही. उभय देशांनी शस्त्रे खाली ठेवली. टाकून दिली नाहीत.

भारतापुढील पेच

या संघर्षात कोलकात्याचे नाव सप्टेंबर 2024 मध्ये जोडले गेले. नरेंद्र मोदी आणि जो बायडेन यांच्या संयुक्त निवेदनात ग्लोबलफाउंड्रीज या अमेरिकी कंपनीच्या कोलकात्यातील संशोधन केंद्राचा उल्लेख होता. गॅलियम नायट्राइडच्या चिप बनविणारा कारखाना भारतात उभारण्याचा संकल्पही त्याच निवेदनात होता. राष्ट्रीय सुरक्षेसाठी उपयोगी अशा या कारखान्याला अमेरिकेच्या अंतराळ दलाचे सहकार्य अपेक्षित होते.

परंतु पुढील वर्षी चित्र पालटले. ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयातशुल्क 50 टक्क्यांपर्यंत नेले. 26 ऑक्टोबर 2025 रोजी भारत-चीन थेट विमानसेवा पुन्हा सुरू झाली, तीही कोलकाता-ग्वांगझू मार्गावरून. बुसानची भेट त्यानंतर चारच दिवसांनी झाली. म्हणजे तंत्रज्ञानासाठी अमेरिका आणि कच्च्या मालासाठी चीन, अशा दुहेरी अवलंबित्वात भारत सापडला आहे.

या पेचातून सुटण्याचा एक मार्ग देशातच आहे. बॉक्साइटपासून अॅल्युमिना तयार करताना गॅलियम उपउत्पादन म्हणून वेगळे काढता येते. ओडिशातील दामनजोडीला अॅल्युमिनाचा मोठा प्रकल्प आहे, बेळगावलाही आहे आणि कोल्हापूर जिल्ह्यात बॉक्साइटच्या खाणी आहेत. खनिजाची वानवा नाही. गरज आहे ती शुद्धीकरणाची क्षमता उभारण्याची आणि चीनने भाव पाडले तरी तग धरणाऱ्या धोरणाची.

दोन महासत्तांच्या तहाला मुदत असते आणि ती वाढविणे वा न वाढविणे त्यांच्याच हाती असते. कोलकात्याच्या चिपचे भवितव्य त्या मुदतीवर सोपविणे भारताला परवडणारे नाही.