डब्यात किती ताकद हवी? पाण्यापुरती!



मार्चातली गोष्ट. डाळिंबाला फुलं लागलेली. दोन दिवस आभाळ आलं, दुसऱ्या रात्री ठिबकच्या ऑटोमेशनचा डबा बंद पडला. तेव्हा नेमका दोन नंबरचा व्हॉल्व्ह उघडा होता. हे बॅटरीवरचे व्हॉल्व्ह एका झटक्यात उघडतात आणि बंदचा झटका मिळेपर्यंत तसेच उघडे राहतात. लाइट आली, मोटर ऑटोवर. सकाळी एका प्लॉटात चिखल, बाकीचे तीन कोरडे. फुलगळ झाली ती वेगळीच. ऊन पडल्यावर बॅटरी भरली, पण डबा काही सुरू होईना. मधेच करंट गेल्यानं आतलं मेमरी कार्ड खराब झालं होतं.

विकणारा म्हणाला होता, "दादा, आत अख्खा कॉम्प्युटर आहे, चार कोरचा प्रोसेसर!" तिथंच चुकलं. चार व्हॉल्व्ह उघड-बंद करायला अख्खा कॉम्प्युटर कशाला?

हिशोब बघा. लिनक्सवर चालणारा छोटा बोर्ड साधारण २ वॉट खातो. दिवसाचे झाले ४८ वॉट-तास. १२ व्होल्ट, ७ अँपिअरची बॅटरी म्हणजे ८४. ऊन नसेल तर पावणेदोन दिवसांत खेळ खलास, तोही बॅटरी नवी असली तर.

उलट फ्री-आरटीओएससारख्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा ६ ते १२ किलोबाइटमध्ये बसतो. ईएसपी-३२ चिपवर ती आरामात चालते. तिथं रॅम ५२० किलोबाइट, वायफाय आतच. काम नसताना चिप गाढ झोपते, दर पंधरा मिनिटांनी उठून ओलावा वाचते, परत झोपते. कार्डाची गरजच नाही. नुसता वेळेवर एक व्हॉल्व्ह चालवायचा असेल तर २ किलोबाइट रॅमचा अर्डुइनो उनोसुद्धा पुरतो, त्याला ऑपरेटिंग सिस्टीमही लागत नाही.

मोठा बोर्ड वाईट, असं माझं म्हणणं नाही. कॅमेऱ्यानं पानं बघून रोग ओळखायचा असेल तर तो लागतोच. पण तो घरी प्लगवर ठेवा. पाण्याचा निर्णय शेतातल्या छोट्या चिपकडेच राहू द्या.

घेताना चार गोष्टी विचारा:
१. ऊन नसताना किती दिवस चालेल?
२. लाइट गेल्यावर आपोआप, वेळ न विसरता सुरू होतो का?
३. प्रोग्राम अडकला तर स्वतः रीस्टार्ट करणारा वॉचडॉग आहे का?
४. बॅटरी उतरत आली की आधी व्हॉल्व्ह बंद करतो का?

कृषी सल्लागार मित्रांनो, तुम्हीही शिफारस करताना जीबी आणि कोर मोजू नका, हे चार प्रश्न विचारा. बांधावर जाऊन यायला ट्रक लागत नाही, सायकल पुरते. आणि सायकलला डिझेल लागत नाही!

तुमच्याकडं कोणता डबा आहे, किती टिकला? कमेंटात लिहा.