काळोखा किल्ला

दिवाळीत अंगणात किल्ला करायची रीत किती जुनी आहे कोण जाणे. पण अंगणे गेली, वाडे गेले, तरी किल्ले काही गेले नाहीत. सोसायटीच्या जिन्याखाली किंवा मोटारी उभ्या करण्याच्या जागेत पोरे कुठून तरी दोन घमेली माती आणि एक जुने पोते पैदा करतातच. अळीव पेरून हिरवळ होते, आरशाच्या तुकड्याचे तळे होते, माथ्यावर महाराज सिंहासनावर बसतात आणि त्यांच्या शेजारी बुरुजाहून हातभर उंच मावळा पहारा देतो. प्रमाणाची फिकीर कोणालाच नसते. आज रात्री गनिमाचा छापा येणार, असे त्या पोरांनी सांगितले की तो येणारच.

पण आज मला लिहायचे आहे ते निराळ्याच किल्ल्यावर. तो मातीचा नाही, कागदाचा आहे. आणि आपल्याकडचा नाही, स्वीडनमधला आहे. त्याचे नाव ‘मर्क बोर्ग’. स्वीडिश भाषेत याचा अर्थ काळोखा किल्ला.

या किल्ल्याची आणि माझी गाठ घालून दिली आमच्या खालच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी. बँकेत अधिकारी, स्वभावाने सरळ. एका संध्याकाळी ते वर्तमानपत्रात गुंडाळलेले काहीतरी बगलेत मारून आले. दारूची बाटली आणल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. आत निघाले एक पिवळे धमक पुस्तक.

“बाई, तुम्ही पुस्तकांतल्या. हे जरा बघा. आमचा मुलगा गच्चीवर बसून मित्रांबरोबर हे खेळतो.”

मुलगा सतरा वर्षांचा, बारावीत. श्रावणात त्याची आजी गेली. लहानपणापासून तो तिच्याच खोलीत निजायचा. शेवटच्या रात्री त्याला दवाखान्यात नेले नव्हते. दुसऱ्या दिवशी क्लासची परीक्षा होती. पेपर देऊन आल्यावर त्याला सांगितले.

“आईला जाऊन तीन महिने झाले नाहीत, आणि हा जगबुडी खेळतो. खेळायचं तर खेळा, पण हेच का? जाळून टाकू का सरळ?”

पुस्तक ठेवून जा, असे मी त्यांना सांगितले. रात्री चाळायला बसले तेव्हा मात्र मला हसू आवरेना. कारण हे पुस्तक जाळून टाका, अशी आज्ञा खुद्द पुस्तकातच आहे. खेळाचा शेवटचा नियमच तो!

पुस्तक २०२० साली निघाले. शब्द पेले निल्सन यांचे, चित्रे आणि मांडणी योहान नोर यांची. एका पानासारखे दुसरे पान नाही. कुठे अक्षरे पानभर पसरून ओरडताहेत, कुठे कोपऱ्यात अंग चोरून बसली आहेत. पिवळा, काळा आणि मधूनच अंगावर येणारा गुलाबी. आमच्या कॉलेजच्या नियतकालिकाचे मुद्रक हे पाहून अंथरूण धरतील. पण त्याच वर्षी ‘एनी’ या खेळांच्या पुरस्कारांत लेखन आणि मांडणी या दोन्हींसाठी पुस्तकाला सुवर्णपदके मिळाली. लेखनाचे पदक मला तरी पटले. वाक्ये आखूड आणि धारदार. एक विशेषण जास्त नाही. बी. ए.च्या मुलांना निबंधलेखनाचा नमुना म्हणून दाखवायला मी कमी करणार नाही, फक्त पानावरची चित्रे झाकून.

खेळाची तऱ्हा अशी. पट नाही, सोंगट्या नाहीत. चारपाच जण भोवती बसतात. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचे. ते सोंग कागदावर मांडायचे आणि तोंडाने खेळायचे. एक जण सूत्रधार. तो सांगतो, समोर मोडके दार आहे, आतून खोकल्याचा आवाज येतो, काय करता? मग तुम्ही सांगायचे. जमेल की नाही याचा निकाल वीस बाजूंच्या फाशावर; बहुधा बारा किंवा त्याहून जास्त पडावे लागतात. आमच्या भारुडातली सोंगे, नाट्यशास्त्रातला सूत्रधार आणि धर्मराजाचे फासे एका चटईवर बसवले तर जे होईल, ते हे.

यातली सोंगे मात्र अशी. पळून आलेला शिपाई, धर्मबाह्य ठरलेला पुरोहित, गटारात वाढलेला चोर. खिशात थोडी चांदी, थोडेसे अन्न, आणि पुढे मरणाऱ्या जगाची वाटचाल. गाल्गेनबेक नावाचे थोरले शहर आहे, तिथे दोन तोंडांच्या महासर्पाचे मंदिर आहे. आणि जगाचा शेवट कसा होणार हे त्या सर्पाने आधीच सांगून ठेवले आहे. रोज उजाडताना सूत्रधार एक फासा टाकतो. एक पडला की एक अरिष्ट. अरिष्टे छत्तीस लिहिलेली आहेत. त्यांतली सहा फाशाने निवडली जातात. सातवे ठरलेले. सातवे आले की जग संपले, खेळ संपला, पुस्तक जाळा.

गंमत म्हणजे फासा किती बाजूंचा हे आधी आपणच ठरवायचे. शंभर बाजूंचा घेतलात तर जग सरासरी सातशे दिवस तगते. दोनाचा घेतलात, म्हणजे नाणेच उडवलेत, तर चौदा दिवस. मुदत आपल्या हाती, अंत नाही.

या सगळ्याला कर्त्यांनी दिलेली उपमा ‘डूम मेटल’च्या तबकडीची आहे. डूम मेटल म्हणजे हेवी मेटल संगीताची सर्वांत संथ, सर्वांत जड आणि सर्वांत खिन्न शाखा. तेव्हा ‘हेच का?’ या प्रश्नाचे उत्तर शोधायचे, तर जावे लागते इंग्लंडात, बर्मिंगहॅमच्या अॅस्टन या कामगारवस्तीत.

१९६५ साली तिथे टोनी आयॉमी नावाचा सतरा वर्षांचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. गिटार चांगली वाजवायचा, एका वाद्यमेळाबरोबर परदेशी निघाला होता. नोकरीचा तो शेवटचा दिवस. त्या दिवशी यंत्राने त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरे तोडली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबण्याचा हातच गेला. कारखान्यातल्या एका भल्या माणसाने त्याला जँगो राइनहार्टची तबकडी ऐकवली. हा थोर वादक भाजलेल्या हाताच्या दोनच बोटांनी वाजवीत असे. पोराने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, तारा हलक्या बसवल्या आणि पुढे सूरही खाली उतरवले. त्यातून जो घनगंभीर नाद निघाला तोच हेवी मेटलचा नाद! नाव असे जड धातूचे, आणि जन्मही खरोखरच पत्र्याच्या कारखान्यातला.

त्याच्याच वस्तीतल्या चौघांनी ‘ब्लॅक सॅबथ’ हा मेळ काढला. गायक ऑझी ऑझबर्न काही काळ कत्तलखान्यात कामाला होता. पहिली तबकडी १३ फेब्रुवारी १९७० रोजी निघाली. सुरुवातीला पाऊस, दूरची घंटा, आणि मग तीनच स्वर: खालचा षड्ज, वरचा षड्ज आणि त्यावरून कोसळणारा तीव्र मध्यम. या अंतराला युरोपातल्या जुन्या संगीतपंडितांनी सैतानाचे नाव देऊन ठेवले होते. आपण मात्र तोच तीव्र मध्यम घेऊन दिवेलागणीला यमन गातो! स्वर बिचारा दोन्हीकडे सारखाच. ज्या पोरांच्या कानांत दिवसभर यंत्रांचे घण होते त्यांनी तो आपल्या रीतीने लावला, एवढेच.

पुढे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा सोंगांचा पहिला मोठा खेळ अमेरिकेत १९७४ साली छापला गेला, आणि दोन्ही घराण्यांची सोयरीक लवकरच जुळली. मायकल मुरकॉक या इंग्रज लेखकाचा नायक आत्मे पिणारी तलवार बाळगतो. खेळाचे एक कर्ते गॅरी गायगॅक्स यांनी १९७९ साली आपल्याला स्फूर्ती देणाऱ्या लेखकांची यादी दिली, तीत मुरकॉक आहेत. आणि १९८० साली त्याच तलवारीवर मुरकॉकनी ‘ब्लू ऑयस्टर कल्ट’साठी गाणे लिहिले. कॉव्हेंट्रीच्या ‘बोल्ट थ्रोअर’ या मेळाने तर नावच ‘वॉरहॅमर’ या खेळातून उचलले, आणि १९८९ च्या त्यांच्या तबकडीचे चित्र खेळ काढणाऱ्या कंपनीनेच पुरवले.

सोयरिकीबरोबर बदनामीही वाटून आली. १९८३ साली अमेरिकेत मुलगा गमावलेल्या एका आईने या खेळांविरुद्ध संस्थाच उभारली. तिचे दुःख खरे होते. खेळाने ते ओढवले, हे मात्र कधी सिद्ध झाले नाही. १९८५ साली सिनेटच्या समितीपुढे गाण्यांतल्या शब्दांची सुनावणी झाली. मोकळ्या सोडलेल्या केसांचा डी स्नायडर हा गायक साक्षीला आला आणि म्हणाला, मी संसारी आहे, एका मुलाचा बाप आहे, दारू-सिगारेटला शिवत नाही. सभासद किती गोंधळले असतील!

मी शिकवते ते साहित्यशास्त्र या बाबतीत अधिक समजूतदार वाटते. भरतमुनींनी आठ रस सांगितले, त्यांत भयानक आणि बीभत्स मानाने बसवले आहेत. भयानकाचा रंग काळा, देवता काळ, बीभत्साची महाकाळ. तरीही माझी एक तक्रार आहेच. या पुस्तकात सोंगाला व्यंग लावून देणारे तक्ते आहेत. फासा टाकायचा आणि सडका दात, वाकडा पाय पदरी घ्यायचा. दहापैकी चार ठिकाणी त्यात निव्वळ किळस आहे, रस नाही. धाकट्या मुलांच्या हाती मी हे पुस्तक देणार नाही.

हे सगळे वाचून झाले, पण पुस्तक वाचून खेळ कळत नसतो. म्हणून पोरांची परवानगी काढून एका रविवारी गच्चीवर जाऊन बसले. चार मुलगे, एक मुलगी. सूत्रधार ती मुलगी. सुटी संपायच्या आत संपवायचे म्हणून त्यांनी दोनाचा फासा घेतला होता, आणि सहा अरिष्टे होऊन गेली होती. मधोमध चकलीचा डबा.

सोंगे एका ओसाड गावात पोचली होती. मागून मढी चालून येत होती. पहाटेपूर्वी निघायला हवे होते. गावात एकच म्हातारी उरलेली, उठता न येणारी. वाट विचारायला कोणीतरी हवे म्हणून सूत्रधारिणीने ती घातली होती. वाट कळली, सगळे उठले. खालच्या मजल्यावरचा आमचा चोर उठेना.

“चल ना रे. ती काय, जाणारच आहे.”

“तुम्ही व्हा पुढे. मी थांबतो.”

“मरशील.”

“माहितीये.”

“पण थांबून करणार काय?” मुलीने विचारले. हे ती सूत्रधार म्हणून विचारीत नव्हती.

“काही नाही. दिवा लावून बसतो तिच्याजवळ.”

कोणी हसले नाही. मढी आली. फाशावर बारा हवे होते, पाच पडले. मुलीने त्याच्या हातून कागद घेतला आणि आडवी रेघ ओढली. तो थोडा वेळ कठड्यापाशी जाऊन उभा राहिला. मग परत आला, चकली घेतली आणि नवा कागद मागितला. दहा मिनिटांत तो एकदाती पुरोहित होऊन बसला होता.

पुस्तक परत करताना मी हे त्याच्या वडिलांना सांगितले. पाहिले तेवढेच सांगितले. माझे काही त्यात घातले नाही. ते बराच वेळ खिडकीतून बाहेर पाहत बसले. जाताना पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळायचे विसरले.

गच्चीवर त्या दिवशी कोणाच्या तरी फोनवर तीच १९७० ची तबकडी लागली होती. पाऊस, घंटा, तीव्र मध्यम. “हा गायक गेला, २०२५च्या जुलैत,” मुलीने मला माहिती पुरवली. घरी येऊन मी त्याच्या शेवटच्या कार्यक्रमाची चित्रफीत पाहिली. ५ जुलै २०२५, अॅस्टनमधलेच व्हिला पार्कचे मैदान, जिथे ही पोरे लहानाची मोठी झाली. मूळचे चौघे वीस वर्षांनी एकत्र आले होते. ऑझबर्नला कंपवाताने उभे राहवत नव्हते, म्हणून काळ्या सिंहासनावर बसवले होते. बसल्या बसल्या तो टाळ्या वाजवीत होता, लोकांना ओरडायला लावीत होता. पुढे सतराच दिवस उरले होते. मैदान भरून माणसे गात होती, कित्येकांच्या डोळ्यांना पाणी होते. मिळकत मुलांच्या दवाखान्याला, आजारी मुलांच्या शुश्रूषागृहाला आणि कंपवाताच्या संशोधनाला जायची होती. त्याच रंगमंचावर आयॉमी गिटार घेऊन उभा होता, सत्त्याहत्तर वर्षांचा, उजव्या हाताच्या दोन बोटांवर टोपणे चढवून.