संगणकाची चौकट आणि दाताची कीड

दाताच्या क्ष-किरण चित्रात कीड कोठे आहे हे आता संगणक सांगू लागला आहे. कीड वाटेल त्या जागी तो रंगीत चौकट काढतो. काही दंतवैद्यांना हा जादा डोळा हवासा वाटतो, तर काहींना त्यात आपल्या व्यवसायावरचे संकट दिसते. दंतवैद्य यंत्राला बिचकतात असे मात्र कोणी समजू नये. राँटजेन यांनी नोव्हेंबर १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले आणि लगेच जानेवारी १८९६ मध्ये ऑटो वॉल्कहॉफ या जर्मन दंतवैद्याने स्वतःच्या दातांचे चित्र घेतले, तेही २५ मिनिटे किरणांसमोर राहून!

मग अडचण कोठे आहे? माझ्या मते ती पदार्थविज्ञानात आहे. दातावरच्या इनॅमलमध्ये खनिज भरपूर असते. ते क्ष-किरण अडवते, म्हणून चित्रात पांढरे दिसते. कीड लागली की खनिज घटते, किरण आरपार जातात आणि ती जागा काळसर उमटते. परंतु पांढरा भाग संपून करडा सुरू होतो तेथे आपल्या डोळ्याला मुळात नसलेली काळी रेघही दिसते. एर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्ये वर्णिलेला हा दृष्टिभ्रम होय. इनॅमल व त्याखालचे डेंटिन यांच्या सीमेवरची अशी रेघ थेट किडीसारखी भासते. जाणता दंतवैद्य पांढरा भाग कागदाने झाकून पाहतो. रेघ नाहीशी झाली तर तो भ्रम!

संगणक प्रत्येक ठिपक्याची उजळता अंकांत वाचतो, त्याला हा भ्रम होत नाही. तथापि कीड कशी दिसते हे त्याला शिकवले कोणी? दंतवैद्यांनीच खुणा केलेल्या हजारो चित्रांनी. खुणा करणारा फसला असेल तर शिष्य तीच चूक उचलतो आणि न थकता करीत राहतो.

आता थोडे गणित. समजा, १००० दातांपैकी ५० किडके आहेत आणि संगणक किडक्या व निरोगी, दोन्ही दातांबाबत शंभरात ९० वेळा बरोबर ठरतो. तो ४५ किडके दात पकडील आणि ९५० निरोगी दातांपैकी ९५ वर उगाच चौकट काढील. म्हणजे १४० चौकटींतील ९५ खोट्या! आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत. किडक्या दातांचे प्रमाण बदलून वर्गात करून पाहा. शिवाय इनॅमल एकदा कोरले की पुन्हा वाढत नाही.

आमच्या निमगाव साव्यासारख्या गावातून रोजगार बुडवून नारायणगावला गेलेला माणूस दुसऱ्या मतासाठी पुणे गाठील, ही अपेक्षा धरू नये. संगणकाची चौकट दाखवली की तो मान डोलावणार. म्हणून साशंक दंतवैद्यांची बाजू मला पटते, धंदा जाण्याची त्यांची भीती मात्र गौण वाटते. दंतवैद्याने चित्र आधी स्वतः पाहावे, मत कागदावर लिहावे आणि मगच चौकटी उघडाव्यात. दोघांचे जुळणार नाही तेथे आरसा व दिवा घेऊन दात पुन्हा तपासावा. रोग्यानेही बेलाशक विचारावे, "डॉक्टर, ही चौकट नसती तर तुम्ही हा दात कोरला असता का?"