ओमनीला तेराची मॅगव्हील? आधी कॅरेट मोजा



टोमॅटोचे तोडे सुरू व्हायच्या आधी आमच्या जुन्नर भागात प्रत्येक जण आपली जुनी गाडी बाहेर काढून तिची डागडुजी करतो. तेल बदल, पाटे बघ, ब्रेक ओढून घे. यंदा त्यात एक नवं खूळ शिरलंय. जुन्या ओमनीची बारा इंची चाकं काढायची आणि तेरा इंची मॅगव्हीलवर रुंद टायर चढवायचे. रोज एक तरी पोरगं विचारतं, "काका, १५५ टाकू का १६५?" मी उलट विचारतो, "टायर वजन किती घेतो रे?" तर गप्प. विकणाऱ्यालाही ते सांगता येत नाही, आणि माझा राग आहे तो त्याच्यावर. पोरांवर नाही.

मोबाईलवर फिरणारे ते ओमनीचे फोटो एकदा नीट बघा. गाडी धुतलेली, रिकामी, डांबरी रस्त्यावर तिरकी उभी. एकाही फोटोत मागे कॅरेट नाही. आपली ओमनी अशी कधी उभी असते का?

आता मुळात गाडी काय आहे ते बघू. १९८४ साली मारुती व्हॅन म्हणून आली, पुढे ओमनी झाली, २०१९ ला बंद पडली. ७९६ सीसीचं इंजिन, ताकद पस्तीस घोड्यांच्या आसपास. इंजिन पुढच्या सीटखाली, ओढ मागच्या चाकांना आणि मागे पाटे. कंपनीनं हिला टायर दिला तो १४५ आर १२ एलटी, ६ पीआर. यातलं 'एलटी' म्हणजे लाइट ट्रक. बघायला एवढंसं चाक, पण जात टेम्पोची! कारच्या टायरपेक्षा त्याची बाजू जाड आणि कडक असते. दुकानदार नेमकं हेच सांगत नाही, कारण तो जे विकतोय ते कारचं आहे.

टायरच्या बाजूवर मापाच्या पुढं एक आकडा असतो, वजनाचा निर्देशांक. तो थेट किलो नसतो, त्याचा तक्ता असतो. ६ पीआर एलटीवर ८०/७८ असं दिसेल. पहिला आकडा आपल्या कामाचा, दुसरा जोडचाकांसाठी. ८० म्हणजे एका टायरला ४५० किलो. आता तेराच्या संचात जो १५५/६५ आर १३ खपवतात, त्याचा आकडा ७३, म्हणजे ३६५ किलो. १६५/६५ आर १३ घेतला तर ७७, म्हणजे ४१२. टायर रुंद झाला, चाक मोठं झालं आणि वजन झेलायची ताकद कमी झाली. 'अपग्रेड' म्हणतात याला!

कागदावर नको, हिशेब मालावर करू. रिकामी ओमनी आठशे किलोच्या जराशी आत. वीस कॅरेट, कॅरेटला वीस किलो धरा, झाले चारशे. चालवणारा आणि सोबत एक जण, १३० किलो. सगळं मिळून साधारण १,३१५. माल सगळा मागं, म्हणून साठ टक्के वजन मागच्या चाकांवर धरलं तर ७९० किलो, म्हणजे एका चाकावर ३९५. एलटी टायरला अजून पंचावन्न किलो जागा शिल्लक आहे. १६५/६५ ला सतरा किलो. आणि १५५/६५ तीस किलोनं आधीच बुडालाय. हे गाडी जागेवर उभी असताना. नारायणगावच्या बाजाराकडं जाताना खड्ड्यात चाक आदळतं तेव्हाचं वजन यात धरलेलंच नाही. आणि आपल्यातले काही बहाद्दर पंचवीस-तीस कॅरेट कोंबतात, त्यांनी आपला हिशेब आपण करावा.

(पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाड्याचा माल वाहायचा नसतो, हे मला माहीत आहे. मी स्वतःच्या रानातल्या मालाबद्दल बोलतोय. त्यावर वाद घालायला येऊ नका.)

वजन जास्त, हवा कमी आणि मे महिन्याचं डांबर, हे तिन्ही जमलं की टायरची बाजू सारखी दबते-उठते, आतून तापते आणि मग फुटते. नक्षी कितीही शाबूत असो. मागचं चाक फुटलेली लादलेली ओमनी रस्ता सोडून कुठं जाईल ते चालवणाऱ्याच्या हातात राहत नाही. पुढच्या सीटवर बसणाऱ्याच्या पुढ्यात इंजिनसुद्धा नाही, नुसता पत्रा आहे. म्हणून मला हा नुसता हौसेचा विषय वाटत नाही.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल काका जुन्या वळणाचे. ओमनी घरच्यांना देवाला न्यायला आणि तालुक्याला जायलाच वापरत असाल, मागं माल कधीच नसेल, तर १६५/६५ आर १३ मध्ये फार वावगं नाही. मूळ टायरची उभी उंची ५४३ मिलिमीटरच्या आसपास, याची ५४५. जवळजवळ सारखीच. स्पीडचा काटा खोटं बोलत नाही, गिअरचं गणित बिघडत नाही, ओल्या रस्त्यावर ब्रेकला बरं वाटतं. खुशाल टाका. पण मग त्या गाडीत तोड्याच्या दिवशी "आजच्या दिवस" म्हणून कॅरेट भरायचे नाहीत. आणि आजच्या दिवस म्हणणार नाही असा शेतकरी मला अजून भेटायचाय.

१५५/८० आर १३ ची गंमत वेगळी. याचा आकडा ७९, म्हणजे ४३७ किलो, वजनाला बरा. "गाडी उंच होते, बांधाला घासत नाही" म्हणून लोक भुलतात. उंची ५७८ मिलिमीटर. म्हणजे गाडी जेमतेम अठरा मिलिमीटर वर येते, आणि चाक मात्र साडेसहा टक्क्यांनी मोठं होतं. पस्तीस घोड्यांच्या इंजिनाला प्रत्येक गिअर तेवढा जड. काट्यावर साठ दिसेल तेव्हा गाडी चौसष्टनं पळत असेल. ब्रेक तेच जुने, पण चाक मोठं झाल्यामुळं त्यांची पकड त्याच हिशेबात कमी. माल भरून माळशेज चढताना दुसऱ्याचा पहिला करायची वेळ येईल, आणि उतरताना त्याहून वाईट. पाटे दबल्यावर टायर पत्र्याला घासायला लागला की दुकानदार काय सुचवतो, तर चाकामागं स्पेसरची चकती टाकून चाक बाहेर काढा! चाक जेवढं बाहेर, तेवढा बेअरिंगवर तरफेचा जोर. बेअरिंगचा खर्च त्याच्या बिलात नसतो.

"पण काका, मॅगव्हील मजबूत असतं." कुठल्या रस्त्यावर? लोखंडी डिस्क खड्ड्यात वाकते आणि पंक्चरवाला ती ठोकून सरळ करून देतो. हलकं मॅगव्हील तडकतं. तडकलेलं वेल्डिंग करून वापरणारे मी पाहिलेत, त्यांच्या मागं गाडी चालवायची माझी तरी हिंमत नाही.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेबाहेरच्या बदलांना आडवं येतं. रस्त्यात कुणी अडवेल न अडवेल, पण अपघात झाल्यावर विमा कंपनीचा माणूस चाकांचे फोटो काढतो. त्या वेळी दुकानदार सोबत येत नाही.

मग खरी सुधारणा कशी करायची? मी काय करतो ते सांगतो. मागच्या दोन चाकांना त्याच मापाचा ८ पीआर. टाटा एसला हाच टायर असतो, १४५ आर १२ एलटी ८ पीआर, त्यामुळं कुठल्याही गावात मिळतो. आकडा ८६, म्हणजे एका चाकाला ५३० किलो. रिकामी गाडी जरा जास्त उडते, ते सोसायचं. पण टायर ८ प्लायचा केला म्हणून ओमनीचा छोटा हत्ती होत नाही, बरं का. पाटे, एक्सल, ब्रेक सगळं ओमनीचंच आहे. वाढीव ताकद खड्ड्यासाठी राखून ठेवायची, दहा कॅरेट जास्त भरायला नाही.

टायर घेताना मापाइतकंच बघायचं ते त्याचं वय. बाजूवर चार आकडे असतात. २२१९ असेल तर २०१९ सालच्या बाविसाव्या आठवड्यातला माल. आपल्या ओमनीचं रनिंग कमी, त्यामुळं नक्षी झिजायच्या आधी रबर म्हातारं होतं. बाजूला बारीक चिरा दिसल्या की नक्षी कितीही असो, तो टायर गेला. कायदा नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत चालवून घेतो, पण पावसाळ्यात तेवढ्यावर माल घेऊन घाटात जाऊ नका. दुकानात "स्कीममध्ये" स्वस्त मिळतोय म्हणाले की पहिलं ते चार आकडे वाचा. दोन-चार वर्षं गोदामात पडलेला माल आपल्या गळ्यात मारायला गाववाला गिऱ्हाईक बरा सापडतो त्यांना. रिमोल्ड केलेला टायर मालाच्या गाडीला मागं तर नकोच, पुढं त्याहून नको.

हवा माल भरल्यावर नाही, भरायच्या आधी, सकाळी टायर थंड असताना तपासा. किती भरायची ते गाडीच्या पुस्तकात किंवा दारावरच्या पट्टीवर आहे, आणि माल असताना मागची वेगळी असते.

एवढं सगळं वाचूनही ज्याला तेराच टाकायचं आहे, त्यानं निदान पाचवं चाक तपासावं. चार नवी आणि स्टेपनी जुन्या बाराची, असं बहुतेकांचं झालेलं असतं. १५५/८० वाल्याची एका बाजूला ५७८ आणि दुसऱ्या बाजूला ५४३, अशी मागची जोडी झाली की डिफरन्शियल सरळ रस्त्यावरसुद्धा सारखा फिरत राहतो. तशी गाडी हळू चालवत जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंतच न्यायची, पुढं बाजारापर्यंत नाही. मॅगव्हीलचे नट वेगळे आले असतील तर जुन्या डिस्कचे चार नट स्टेपनीसोबत पिशवीत बांधून ठेवा. रात्री दोन वाजता माळशेजमध्ये ते कुणाकडं मागणार?