अंडें शेवटीं खाणार कोण?



गांवांत कोणी फसला कीं शहाण्या लोकांची ठरलेली टकळी सुरू होते. “अडाणी लोक! लोभ सुटला आणि बुडाले!” असें म्हणून ही मंडळी सदरा झटकून मोकळी होतात. आमचा या म्हणण्यास साफ विरोध आहे. शेतकऱ्याला इतका लोभ असता तर अठरा महिने आडसाली ऊस वाढवून मग बिलासाठीं कारखान्याच्या तोंडाकडे पाहात तो कशाला बसला असता? आणि अडाणीपणाचें म्हणाल, तर शहरांतले निवृत्त अधिकारी, डॉक्टर, प्राध्यापक मोबाईलवरच्या खोट्या पोलिसाला भिऊन घरांत दार लावून बसतात आणि जन्मभराची पुंजी त्याच्या खात्यांत भरतात. ‘डिजिटल अटक’ नांवाची अटक कायद्यांत मुळींच नाहीं, हें त्यांना ठाऊक नसतें. त्यांच्या पदव्या कोणी फाडल्याचें आम्हीं ऐकलें नाहीं. मग कुणब्याच्या, सुताराच्या, कुंभाराच्या कपाळावरच ‘मूर्ख’ असा शिक्का कां?

मग आपला माणूस फसतो कशानें? बियाणें, खत, मजुरी, पाणी यांचा जमाखर्च त्याच्या तोंडीं असतो. पण आपल्या हातांत पडलेला नफा कोणाच्या खिशांतून निघाला, हें विचारण्याची संवय त्याला कोणी लावलेली नाहीं. शाळेंत आम्ही मास्तर मंडळी मुद्दल, मुदत आणि दर देऊन व्याज काढावयास शिकवितों. पण हा दर देणारा तो देणार कोठून, असें उदाहरण फळ्यावर कधीं घालीत नाहीं. भामट्याचा सारा धंदा या एका न विचारलेल्या प्रश्नावर चालतो.

२०१९ सालचें कडकनाथचें प्रकरण घ्या. ही कोंबडी मूळची मध्यप्रदेशांतील झाबुआ भागांतली, तिकडच्या आदिवासींनीं सांभाळलेली. पिसें काळीं, मांसही काळें. २०१८ सालीं तिला भौगोलिक मानांकन मिळालें. म्हणजे कोंबडी खरी, तिचें नांवही खरें. सांगली जिल्ह्यांत इस्लामपूर येथील महारयत अ‍ॅग्रो नांवाच्या कंपनीनें शेतकऱ्यांस सांगितलें कीं, पिलें आमच्याकडून घ्या, आणि अंडीं व पक्षी आम्हीच ठरल्या भावानें परत घेऊं. बाजार शोधायला नको, अडत्या नको, हमाली-तोलाई नको! ज्याचा टोमॅटो भावाअभावीं रस्त्यावर ओतला गेला आहे, ज्याचा कांदा चाळींत सडला आहे, त्याच्या कानाला ‘ठरला भाव’ या दोन शब्दांहून गोड काय लागणार? त्याला लोभी म्हणणाऱ्यांनीं एकदां पहाटे चारला मार्केट यार्डांत उभें राहून पाहावें. लोकांनीं पैसे भरले, शेड उभारल्या. पुढें कंपनीकडून माल उचलला जाईना, पैसे मिळेनात, आणि पक्षी खाद्यावांचून मरूं लागले. अनेक ठिकाणीं फसवणुकीचे गुन्हे नोंदले गेले.

अशा योजनेंत खोटें असतें तें गिऱ्हाईक. आमच्या मतें सारा गुंता येथेंच आहे, म्हणून नीट पाहा. शेतकऱ्याला वाटतें, मी कंपनीला माल पुरवितों. वस्तुतः कंपनीचा माल म्हणजे पिलूं, आणि त्याचा गिऱ्हाईक म्हणजे शेतकरी! तुमचीं अंडीं ती चढ्या भावानें घेते, उबवते, आणि तींच पिलें शेजारच्या तालुक्यांतील नव्या शेतकऱ्याला त्याहून चढ्या भावानें विकते. आज भरलेल्या पैशांतून कालच्या माणसाला चुकतें केलें जातें. जोंवर नवा माणूस सांपडतो तोंवर जुन्याला पैसे वेळच्या वेळीं मिळतात, आणि तो शपथेवर सांगतो कीं योजना खरी आहे. तो खोटें बोलत नसतो. त्यालाही आपल्या शेडपलीकडचें दिसत नाहीं. या सगळ्या फेऱ्यांत तें अंडें ताटांत घेऊन खाणारा माणूस कोठें आहे? कोणत्या शहरांत, कोणत्या दुकानांत, किती रुपयांस त्यानें तें घेतलें? साधें अंडें सात-आठ रुपयांस मिळत असतां, त्याच्या कित्येक पट भावाचीं अंडीं हजारों गांवांतून निघालीं तर रोज विकत घेणारीं घरें आपल्या मुलखांत आहेत तरी किती?

ही युक्ति नवीही नव्हती. त्याआधीं सात वर्षें, २०१२ सालीं, तामिळनाडूंत इरोड जिल्ह्यांतील पेरुंदुराई येथें एमू नांवाच्या उंच परदेशी पाखराची अशीच कंपनी कोसळली होती. तेथेंही पिलें विकलीं, तेथेंही परत खरेदीचा करार, तेथेंही दरमहा पैसे. पाखरूं बदललें, पाटी बदलली, भाषा बदलली. पण गळ तोच. तामिळ शेतकऱ्याचें रडणें आपल्या गांवापर्यंत कोणी मराठींत आणून पोंचविलें नाहीं, म्हणून सात वर्षांनीं त्याच खड्ड्यांत आपला माणूस पडला.

ज्यांना पाखरें नकोत त्यांच्यासाठीं जमीन असते. ‘पर्ल्स’ या नांवानें लोकांना ठाऊक असलेल्या पीएसीएल कंपनीनें हप्त्यानें जमीन देतों म्हणून देशभरांतील सुमारें ५ कोटी ८५ लाख लोकांकडून ४९,१०० कोटी रुपये गोळा केले. हे पैसे परत करा असा हुकूम सेबीनें २०१४ सालीं दिला, आणि २०१६ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या हुकुमानें न्यायमूर्ति लोढा यांची समिति नेमली गेली. तेव्हांपासून लहान रकमा परत मिळण्यासही वर्षें लागलीं. हुकूम झाला म्हणजे पैसा आला असें समजणाऱ्यांनीं या तारखा लक्षांत घ्याव्या.

आतां थोडें गणित. समजा, अशा योजनेंत पहिले १०० शेतकरी आले, आणि जुन्या प्रत्येकाला पैसे देण्यासाठीं नवे दोन लागले. दुसऱ्या पायरीला २००, तिसऱ्याला ४००, चौथ्याला ८००. आंकडे अंगणांतल्या चिमण्यांसारखे निरुपद्रवी दिसतात. पण अठराव्या पायरीपर्यंत एकूण माणसें होतात २ कोटी ६२ लाखांवर. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणें सगळ्या महाराष्ट्रांत शेतीचे खातेदार सुमारें दीड कोट! म्हणजे प्रत्येक खातेदार, गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत, योजनेंत घातला तरी ती कोसळणारच. चालकाला हें पहिल्या दिवशींच ठाऊक असतें.

दुसरें उदाहरण दरमहा शेंकडा दहा रुपये देतों म्हणणाऱ्याचें. एक लाख रुपये या दरानें चक्रवाढीनें ठेवले तर वर्षाअखेर तीन लाख चौदा हजार होतात, आणि पांच वर्षांनीं तीन कोटींच्या वर. ज्याच्याजवळ असा धंदा आहे तो बँकेचें कर्ज काढून पांच वर्षांत मुंबई विकत घेईल. तो तुमच्या ओसरीवर बसून गुळाचा चहा पीत तुमच्या म्हशीच्या दुधाचे पैसे कां मागत असेल?

पण परका माणूस ओसरीवर येतच नाहीं, हीच तर गोष्ट आहे. येतो तो आपला मेहुणा, आपल्या भावकींतला, आपल्या जातीचा, आपल्या बचत गटांतली वहिनी, आणि लिहावयास लाज वाटते पण लिहिलेंच पाहिजे, आमच्याच धंद्यांतला निवृत्त मास्तर. “अहो काका, मी काय तुम्हांला बुडवीन?” या वाक्याला गांवांत उत्तर नाहीं. त्या माणसाला तुम्ही भरलेल्या पैशांतून पहिल्याच दिवशीं कमिशन मिळालेलें असतें. तुमचा पैसा यावयाचा आहे पांच वर्षांनीं. त्याचा आला कालच. म्हणून नात्यांतल्या माणसालाही निःसंकोच विचारावें कीं, बाबा, यांत तुला किती? विचारल्यानें नातें तुटत नाहीं. बुडाल्यावर मात्र दोन घरें जन्मभर एकमेकांच्या लग्नाला जात नाहींत. आणि उद्घाटनाला फीत कापून, फेटा बांधून, फोटो काढून घेणाऱ्या पुढाऱ्यांस काय म्हणावें? योजना बुडाली कीं त्यांना त्या कंपनीचें नांवही आठवत नाहीं.

कागदाचेंही तसेंच. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांत सुप्याला कुणबी उठले तेव्हां त्यांचा मुख्य रोख सावकाराच्या खतांवर व हुकूमनाम्यांवर होता. आपल्याला बांधणारी दोरी कोणती हें त्या न शिकलेल्या माणसांना पक्कें कळलें होतें. त्या दंग्यानंतर १८७९ चा दक्षिणी शेतकऱ्यांचा कायदा आला. खत सरकारी निबंधकासमोर व्हावें, सावकारानें पावती द्यावी, मागतां हिशेब द्यावा, आणि कोर्टानें नुसतें खत न पाहतां व्यवहार मुळापासून तपासावा, असें त्यांत होतें. आज आपण लिहितों-वाचतों, तरी कराराच्या शेवटच्या पानावर वाचल्यावांचून सही करतों, आणि मोबाईलवर आलेला आंकडा परक्याला सांगून आपल्या हातानें पेटीची किल्ली देतों. परत खरेदीचा भाव पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत असतो. माल नाकारण्याचा हक्क कोणाला, वाद झाल्यास कोर्ट कोठलें, हें मात्र शोधावें लागतें.

ठेवीविषयीं एक गोष्ट स्पष्ट सांगणें जरूर आहे. बँक बुडाली तर ठेव विम्यानें प्रत्येक ठेवीदारास एका बँकेंत व्याजासह पांच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून आहे, आणि सहकारी बँकांसही ती लागू आहे. पण पतसंस्था ही बँक नव्हे, आणि ‘मल्टिस्टेट’ पाटीची पत सोसायटीही बँक नव्हे. या विम्याचें छत्र त्यांवर नाहीं. काऊंटर तसाच, पासबुक तसेंच, भिंतीवरची लक्ष्मीची तसबीर तशीच, म्हणून कोणी फसूं नये. सगळ्याच पतसंस्था वाईट असें आम्ही म्हणत नाहीं. कित्येकींनीं गरिबाला सावकाराच्या दारांतून सोडविलें आहे. परंतु बँकेपेक्षां दोन-तीन टक्के अधिक मिळतात ते कशाबद्दल, हें ठेवीदारानें जाणून ठेवावें.

आणि फसलेल्यांनो, तोंड लपवूं नका. तुमच्या लाजेवर भामट्याचें दुसरें दुकान उभें राहतें. पावत्या, करार, मोबाईलवरचे निरोप जपून ठेवा. दहा-वीस जण मिळून पोलिसांत लेखी तक्रार द्या. ठेवीदारांच्या हितसंबंधांचें संरक्षण करणारा १९९९ चा महाराष्ट्राचा कायदा आहे. त्याखालीं चालकांच्या मालमत्तेवर जप्ती आणतां येते. विनापरवाना ठेवी गोळा करण्यास बंदी करणारा २०१९ चा केंद्राचा कायदाही आहे. मोबाईलवरून पैसे गेले असतील तर त्याच घटकेस १९३० या क्रमांकावर फोन करा. पैसा पुढच्या खात्यांतून काढला गेला कीं हातांत कांहीं उरत नाहीं.

आमची मागणी एवढीच. येत्या ग्रामसभेंत असा ठराव मांडावा कीं, पिलें, शेळ्या, रोपें, जमीन किंवा ठेव, कोणतीही योजना गांवांत आणणाऱ्यानें आधीं आपला परवाना, कराराचा मराठी कागद, आणि ज्यांना तो शेवटीं माल विकतो त्या गिऱ्हाईकांचीं मागील दोन वर्षांचीं बिलें ग्रामसभेपुढें ठेवावीं, आणि करार आरंभापासून अखेरपर्यंत सगळ्यांसमक्ष मोठ्यानें वाचला जावा. वाचणारा मिळत नसेल तर गांवच्या मास्तरास बोलवा. बायकांनाही त्या बैठकीस बोलवा, कारण गहाण पडतात ते त्यांचे दागिने. आणि बिलें पुढच्या वेळीं आणतों असें जो म्हणेल, त्याची गाडी गांवच्या वेशीपर्यंत पोंचवून या.

— एक खेडेगांवचा शाळामास्तर